एफ म्हणजे फाइन

साखरेचा चौकोनी खडा गरम कॉफीत टाकला की आधी त्याचे कोपरे जातात. मधला भाग बराच वेळ टिकून राहतो.

*

१९३७ साली बायकांच्या टोप्यांना एका बाजूने खाली उतरणारी रुंद कड असे. कॅमेऱ्याच्या दृष्टीने अशी टोपी म्हणजे भिंत.

*

"या डिस्कवरील समालोचनात व्यक्त झालेली मते ज्याची त्याची आहेत. स्टुडिओ त्यांच्याशी सहमत असेलच असे नाही."

*

फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडाभर वाटत राहतं, की कोणीतरी डब्यात सॅलड विसरलंय.

*

"चित्र लखलखीत. आवाज स्वच्छ. समालोचन करणारी आजी गोड आहे, पण बिचारीला भलतंच काहीतरी आठवतं. साखर वगैरे. पाचपैकी चार तारे." (एका गिऱ्हाइकाचं मत, इंटरनेटवरून.)

*

आम्ही चित्र बघत नाही. आम्ही कडा बघतो.

*

या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते माझं आहे.

मी क्रिकोर बेदोयान. कॅलिफोर्नियातल्या बरबँकमधल्या एका स्टुडिओच्या होम व्हिडिओ खात्यात फिल्म तपासायचं काम करतो. २००३ साली त्याला तेवीस वर्षं झाली होती. डीव्हीडीचे दिवस होते. माणसं सिनेमे विकत घेऊन पुस्तकांसारखे कपाटात लावत होती. आमच्या तळघरात स्टुडिओचे जुने साडेसहाशे सिनेमे पडून होते, आणि दर महिन्याला त्यातले चार आम्ही बाहेर काढत होतो. वर छापायचो: प्रथमच, संपूर्ण, मूळ निगेटिव्हवरून.

मूळ निगेटिव्ह कोणती, हे मी सांगायचो.

डबा उघडायचा. वास घ्यायचा. पांढरे सुती हातमोजे चढवायचे. रीळ टेबलावर एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर गुंडाळत न्यायचं, आणि फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीमधून सरकू द्यायच्या. भोकं फाटली असली तर बोटाला कळतं. जोड आला तर कळतं. आकसलेली फिल्म हातात वळवळते. मध्ये जे काही चाललेलं असतं ते उलटं असतं, काळ्याचं पांढरं झालेलं असतं, आणि ते आपल्या कामाचं नसतं. माझ्या हातांखालून त्या काळच्या सगळ्या सुंदर बाया गेल्या. सगळ्यांचे दात काळे होते. एकीचंही तोंड मला आठवत नाही.

कार्ड असं भरायचं:

मिसेस पेल्टनचा बुधवार (१९३७). रीळ ५.
संच पहिला. डब्यावर खूण नाही. ओरखडे, भोकं फाटलेली, शेवटचे दोनशे फूट चिकटून दगड झालेले. दर्जा चार.
संच दुसरा. डब्यावर 'एफ'. जोड सहा. ओरखडा एकही नाही. लांबी आठशे एक्क्याण्णव फूट (जुन्या कागदावर आठशे चौऱ्याण्णव). दर्जा एक.
शिफारस: संच दुसरा. क्रि. बे., १२ जून २००३.

एफ म्हणजे फाइन. आमच्या खात्यात चांगल्या डब्यावर आम्ही एफ लिहितो. मीच हजारभर डब्यांवर लिहिला असेल. आणि तीन फूट म्हणजे दोन सेकंद. तीन फुटांसाठी कोणी थांबत नाही.

*

"अरे क्रिक, एक जिवंत आहे!"

पॉला ग्रिडली आमच्या खात्याची मुख्य. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा हातात सिनेमाची नामावली होती आणि सगळ्या नावांवर काट मारलेली होती, एक सोडून.

"कोण?"

"मोलकरीण. पाचव्या रिळात कॉफी घेऊन येते ती. डल्सी हॅवर्स. नव्वद वर्षांची आहे. मॅग्नोलिया निवासात राहते, म्हाताऱ्या सिनेमावाल्यांच्यात."

"पडद्यावर किती वेळ आहे?"

"सात सेकंद."

"आणि तुला समालोचन किती वेळाचं हवंय?"

"ब्याऐंशी मिनिटांचं." पॉला हसली. "बोलेल रे. म्हाताऱ्या बायकांना फक्त कोणीतरी बसवून विचारावं लागतं."

समालोचन म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावर बोलत राहायचं. पण सिनेमा चालवायला हवा ना. निगेटिव्ह तेव्हा लॅबमध्ये धुवायला गेलेली होती. म्हणून तळघरातून मी एक जुनी बारीक प्रिंट शोधली, पन्नास सालच्या आसपास टीव्हीसाठी काढलेली. मधोमध एक उभा ओरखडा, आणि वास असा, की खोलीत आम्हाला खिडकी उघडावी लागली. तिच्यावरून एक कामचलाऊ टेप बनवली. तळाशी वेळेचे आकडे पळत होते. बोलण्यापुरतं ठीक होतं.

ऑक्टोबरमध्ये डल्सी हॅवर्स आली. छोटीशी बाई, पाठीत वाकलेली, ओठांना गडद लाल लिपस्टिक.

"मिस हॅवर्स, आज फक्त आवाज घ्यायचाय बरं का," पॉला म्हणाली.

"माहितीये मला. लिपस्टिक लावली की आवाजातही कळते, बाळ."

पहिली पन्नास मिनिटं तिने सगळ्यांची उणीदुणी काढली. कोण दारू प्यायचा, कोणाचे केस खोटे होते, नायिका कोरिन व्हेल सेटवर कुत्रं घेऊन यायची आणि ते कुत्रं कोणाला चावायचं. पॉला खूश होती. मग पाचव्या रिळाचा शेवट आला आणि डल्सी सरसावून बसली. खुर्ची पुढे ओढून घेतली.

मी टेपच्या यंत्रापाशी होतो. ते सात सेकंद मी पाहिले. खरोखर पाहिले.

एक. दार. ट्रे घेऊन एक सडपातळ मुलगी.
दोन. कोरिन व्हेल मान न वळवता विचारते, "साहेब काल घरी आले होते का?"
तीन. मुलगी काही बोलत नाही. चिमट्याने साखरेचा एक खडा उचलते, कपात टाकते.
चार. बाईसाहेबांकडे बघते.
पाच. आणखी एक खडा टाकते.
सहा. कोरिन व्हेलला हसू फुटतं. आवरायला जाते, आवरत नाही.
सात. "नाही, बाईसाहेब."

त्यावर डल्सीचा आवाज असा:

"हं, आता. आता बघा हं. दार उघडतंय. ही मी. लिहून काय दिलं होतं, 'नाही, बाईसाहेब'. बस. चार-पाचदा केलं तसं. मग मला वाटलं, या बाईला 'नाही' असं तोंडावर कसं सांगायचं? म्हणून एक खडा टाकला. आणि तिच्याकडे बघितलं, आणि अजून एक टाकला. बघा, बघा तिचं तोंड! ते हसू लिहिलेलं नाही. खरं आहे. त्या बाईला मी हसवलं. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवला नाही… झालं. एवढीच मी. आता पुढचं विचारा."

पुढचं कोणी विचारलं नाही. तीच म्हणाली, "परत लावता का?"

मी परत लावलं. तीनदा.

"सहासष्ट वर्षांनी बघतेय," ती म्हणाली. "थिएटरात एकदा पाहिलं होतं, माझ्या बहिणीबरोबर. नंतर टीव्हीवर लागायचं तेव्हा ते लोक नेमके तिथेच कापून साबण विकायचे. कॅसेट कधी निघालीच नाही. निवासात सगळ्यांना सांगून सांगून दमले मी. तिथे एक ॲबनर स्लोट म्हणून आहे, कॅमेरा खात्यातला. रोज सकाळी कॉफीला विचारतो, 'काय राणीसाहेब, आज किती खडे?' मेल्याला वाटतं मी मनानेच रचलंय."

निघताना तिने माझा हातमोजा घातलेला हात धरला. "डिस्क मला मिळेल ना? तिथे सगळ्यांसमोर लावायचीये. विशेषतः त्या ॲबनरसमोर."

"मी स्वतः घेऊन येईन," मी म्हणालो.

*

जानेवारीत व्हिनेगरच्या वासाच्या सगळ्या प्रिंटा भंगारात गेल्या. एकीचा वास दुसरीला लागतो, म्हणून त्या फार दिवस ठेवत नाहीत. एकूण दोनशे अकरा डबे. ती टीव्हीची प्रिंट त्यांत होती.

*

चार मार्चला नमुन्याची डिस्क माझ्याकडे आली. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची आणि एका कागदावर खुणा करायच्या: पाटी बरोबर, आवाज बरोबर, समालोचन बरोबर. एकावन्न मिनिटं आठ सेकंद. लखलखीत चित्र. ओरखडा नाही, धूळ नाही. दाराच्या मुठीवरचं कोरीव कामसुद्धा दिसत होतं.

एक ते सात: टोपी.

कोरिन व्हेल मान वळवते, टोपीची कड खाली येते, आणि तिच्यामागे एक खांदा आणि ट्रेचा कोपरा उरतो. "नाही, बाईसाहेब" असं कोणीतरी म्हणतं. दार बंद.

आणि वर डल्सीचा आवाज: "बघा, बघा तिचं तोंड!"

मी डिस्क मागे नेली. टोपी. पुन्हा. टोपी.

मग मी तळघरात गेलो, डब्याकडे नाही, जुन्या वह्यांकडे. १९३७ च्या वहीत पहिल्याच पानावर शाईने लिहिलेलं होतं. त्या काळी प्रत्येक सिनेमाच्या दोन निगेटिव्ह बनवत. एकच दृश्य अनेकदा घेत; त्यातला सगळ्यात चांगला टेक आपल्या देशातल्या प्रिंटांसाठी. त्याच्या खालचा टेक दुसऱ्या निगेटिव्हमध्ये. ती लंडनला पाठवायची, आणि बाहेरच्या देशांना लागणाऱ्या प्रिंटा तिकडे काढायच्या, मग ती परत आणून ठेवायची. दुसरीवर ओळखीसाठी एक अक्षर टाकायचे.

एफ म्हणजे फॉरिन.

ती स्वच्छ होती, कारण तिच्यावरून फारशा प्रिंटा निघाल्याच नव्हत्या. पहिलीची भोकं फाटली होती, कारण तिच्यावरून शेकड्याने प्रिंटा निघाल्या होत्या. लोकांना जी आवडली ती झिजली. आणि जी कोणाला नको होती तिला मी दर्जा एक दिला.

*

"पॉला, निगेटिव्ह चुकली."

"कोणाची?"

"माझी."

ती जेवत होती. काटा खाली ठेवला. "किती चुकली?"

"सगळीच दुसरी आहे. सगळे दुसऱ्या नंबरचे टेक आहेत."

"बघायला वाईट वाटतात?"

"नाही. दुसऱ्या नंबरचे वाटतात."

"लोकांना कळेल?"

"डल्सी हॅवर्सला कळेल."

"मी लोकांचं विचारलं, क्रिक."

मी तिला एकावन्न मिनिटं आठ सेकंद दाखवलं. आवाजासकट. ती दोन्ही हात डोक्यामागे घेऊन बसली. पॉला वाईट बाई नाही. तिला खरंच वाईट वाटलं, मी पाहिलं ते. मग ती म्हणाली, "सोमवारी हे छापायला जायचंय. पहिल्या संचाचं पाचवं रीळ दगड झालंय, असं तूच लिहिलंयस. मग आणायचं कुठून?"

"टेप आहे की, जिच्यावर ती बोलली ती. तेवढे सात सेकंद डिस्कवर वेगळे टाकू. 'हरवलेलं दृश्य' म्हणू."

"खाली आकडे पळतायत, मधोमध रेघ आहे. बाहेर छापलंय लखलखीत आणि आत हे दाखवू? आणि 'मूळ निगेटिव्हवरून' म्हणून जे छापलंय, त्याचं काय सांगू? की मूळ ही नाही, ती दुसरी होती?"

"मग समालोचनातून तिचं तेवढं बोलणं काढ."

"म्हणजे तिचं काय उरलं त्यात? लोकांची कुत्री? काढलं तर ती विचारेल, का काढलं. ठेवलं तर लोक म्हणतील, आजी विसरली. नव्वदीला माणसं विसरतात, क्रिक. कोणी वाईट मानत नाही."

"पण ती विसरलेली नाही."

"म्हणून तर ते वाक्य टाकतो ना आपण सुरुवातीला. मते ज्याची त्याची."

"ते वाक्य कोणी कोणाची बदनामी केली तर म्हणून आहे."

"आता याच्यासाठीही आहे," पॉला म्हणाली आणि काटा उचलला. "कागदावर सही कर आणि दे."

कागदावर शेवटचा रकाना असतो: चित्र. मी लिहिलं, 'दोष नाही'. खोटं नव्हतं ते. चित्रात दोष नव्हताच.

*

अठरा मे, मंगळवार, दुपारी अडीच. मॅग्नोलिया निवासाचा जेवणाचा हॉल. ट्यूना सँडविचचा वास, टेबलांवर अर्धवट खाल्लेली हिरवी जेली. पडदे ओढले होते तरी बाहेरचं ऊन कडेने आत येत होतं. तीसेक माणसं, निम्मी चाकांच्या खुर्चीत.

डल्सीने निळा पोशाख घातला होता, आणि लिपस्टिक. मी डिस्कचं खोकं तिच्या हातात दिलं. तिने ते उलटं केलं, चष्मा वर ढकलला आणि मागच्या बारीक अक्षरांत आपलं नाव शोधलं.

"बरोबर लिहिलंय. सदतीस साली चुकवलं होतं मेल्यांनी."

त्या वेळी मला सांगता आलं असतं. हॉल अजून भरायचा होता. मी रिमोटमध्ये सेल घातले.

"राणीसाहेब, खडे आणलेत ना?" पुढच्या रांगेतून एक उंच, हाडकुळा म्हातारा ओरडला. नाकात प्राणवायूची नळी. हाच ॲबनर स्लोट.

"आज तुझं तोंड बंद होणार आहे, ॲबनर. श्वास घेऊन ठेव."

"घेऊनच बसलोय. बाटलीतला."

सगळे हसले. मी समालोचनासकट सिनेमा लावला. तिने तसंच सांगितलं होतं. पन्नास मिनिटं हॉल नुसता खिदळत होता. दारूचं, केसांचं, कुत्र्याचं. त्यातली बरीच माणसं त्या कुत्र्याला ओळखत होती. डल्सी सगळ्यांची तोंडं बघत होती, पडद्याकडे नाही.

मग ती पडद्याकडे वळली.

दार उघडलं. वरून तिचाच आवाज म्हणाला, "आता बघा हं."

टोपी.

"बघा, बघा तिचं तोंड!"

टोपी. दार बंद. पुढचं दृश्य सुरू झालं आणि तिचा आवाज म्हणाला, "झालं. एवढीच मी."

मग मागून एक बाई फार मायेने म्हणाली, "डल्सी, किती छान बोललीस गं." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्या हळू वाजवलेल्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

खोकं डल्सीच्या मांडीवर होतं, त्यावर तिचे दोन्ही हात.

"मागे घे," ॲबनर म्हणाला. मी मागे घेतलं. टोपी. "परत." टोपी. "परत घे."

"पुरे, ॲबनर," डल्सी म्हणाली. "जिंकलास तू. जा, कॉफी पी."

"तू गप्प बस गं जरा." तो खुर्ची चालवत पडद्याच्या अगदी जवळ गेला. "नायिकेची टोपी सबंध मोलकरणीवर आलीये, आणि हा टेक पसंत केला? कुठल्या स्टुडिओत? असा टेक कोणी घरी ठेवत नाही." तो वळला आणि माझ्याकडे बोट केलं. "अरे ए, होम व्हिडिओ. निगेटिव्हचा डबा तू उघडलास?"

"हो."

"डब्यावर एफ होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आमच्याकडे एफ म्हणजे फाइन."

ॲबनरला हसू आलं. हसता हसता खोकला आला, नळी निसटली, शेजारच्या बाईने ती परत नाकात बसवली. "फाइन! ऐकलंत का रे? एकेचाळीस सालापासून मी ते डबे उचललेत. उरलेसुरले टेक आम्ही फॉरिनला पाठवायचो, आणि हे म्हणतात फाइन! अरे, तिने साखर टाकली असेल. टाकलीच असेल! ते घरच्या निगेटिव्हमध्ये असणार. डल्सी, ऐकतेस का? ही म्हातारी खरं बोलत होती!"

"ॲबनरचा जीव आहे हो डल्सीवर," मागून कोणीतरी म्हणालं. "आज साखर तो टाकतोय."

हशा पिकला. ॲबनर निगेटिव्ह, टेक, लंडन असं काहीबाही समजावत राहिला, पण इतकी वर्षं तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालत आलेला होता आणि या वेळी तो खरं बोलतोय हे कळायला कोणाला काही कारण नव्हतं. पावणेचारला बिंगो होता. खुर्च्या दाराकडे वळल्या.

हॉल रिकामा झाल्यावर डल्सीने मला जवळ बोलावलं.

"तुम्हाला आधी माहीत होतं का हे?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. चार मोजून होतील इतका वेळ. मग माझ्या हातावर थोपटलं.

"जाऊ दे. तुमचा काय दोष. तुम्ही काय चित्र थोडंच बघत बसता." मग ती थोडी पुढे झुकली, तशीच, जशी त्या दिवशी खुर्ची ओढून झुकली होती. "पण ती टेप आहे ना. आकडे पळत होते ती. मी पाहिलंय त्यात, तुम्ही पाहिलंय. तीनदा लावलीत तुम्ही. तेवढी आणा. आकडे असले तरी चालेल, रेघ असली तरी चालेल."

"आणतो."

"कधी?" ॲबनरने दारातून विचारलं. तो गेलेला नव्हता.

"पुढच्या आठवड्यात."

"मंगळवारी आणा," डल्सी म्हणाली. "मंगळवारी ट्यूना असतं. सगळे येतात."

*

मंगळवारी मी गेलो नाही. त्यापुढच्या मंगळवारीही नाही.

तिने खात्यात तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा तिने मला मागितलं; मी जागेवर नाही, असं मीच सांगायला लावलं. दुसऱ्यांदा टेपचं विचारलं. पॉला म्हणाली, शोधतो आहोत. तिसऱ्यांदा तिने टेपचं विचारलंच नाही. डिस्कवरचा तिचा आवाज काढून टाकता येईल का, एवढंच विचारलं. सगळा नको, म्हणाली. फक्त पाचव्या रिळातला.

पॉलाने सांगितलं, छापून झालंय.

जूनमध्ये सिनेमाची दुसरी छपाई निघाली. चार तारेवालं ते मत त्याच महिन्यातलं. त्याच्याखाली आणखी एकोणीस जणांनी लिहिलं होतं की हे त्यांनाही पटतं.

*

काम झालेल्या टेपा पुसायला द्यायची यादी दर महिन्याला माझ्याकडे सहीला येते. २००४ च्या अकरा मार्चच्या यादीत चाळीस टेपा होत्या. 'मिसेस पेल्टनचा बुधवार'ची ती आकडे पळणारी टेप सव्विसाव्या ओळीत होती, आणि खालची सही माझी आहे.